यंत्राच्या माजघरांतील अडगळ

दिवाळीपूर्वीं घर झाडावयास काढलें, कीं प्रत्येक वाड्यांत एक वाद हटकून होतो. झाडणारा म्हणतो, "हें टाकूं या." घरांतील कोणी तरी म्हणतें, "राहूं द्या, लागेल कधीं तरी." हाच वाद यंत्राच्या पोटांतहि चालतो, हें मला गेल्या वर्षीं लातुरास कळलें.

माझा पुतण्या तेथें एका शिकवणीवर्गाचा डेटाबेस सर्व्हर सांभाळतो. 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळें आमच्या नांदेडकडचीं कितीतरी मुलें तेथें खोल्या घेऊन राहतात. त्या रविवारीं त्यांची सराव-परीक्षा संगणकावर सुरू झाली आणि थोड्याच वेळांत उत्तरें नोंदलीं जाईनात. प्रोसेसर शंभर टक्के गुंतलेला दिसत होता. परीक्षा पुढें ढकलावी लागली. मुलें हिरमुसून परतलीं. चालक म्हणाले, "मोठें यंत्र आणूं." त्याचा खर्च अर्थातच पालकांच्या खिशांतून निघावयाचा होता.

पुतण्या मला म्हणाला, "काका, यंत्र राबतें आहे हें खरें, पण कोणासाठीं, तें आधीं पाहूं."

प्रोसेसर म्हणजे काम करणारा हात आणि मेमरी म्हणजे त्याचें माजघर. प्रत्येक कामासाठीं तेथें सामान मांडलें जातें. तें आवरण्याचें काम यंत्राकडेच सोपविण्याची युक्ति जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठीं काढली. तिला 'गार्बेज कलेक्शन', म्हणजे केर काढणें, असें नांव पडलें. १९९५ सालीं आलेल्या जावा भाषेनें ती सर्वत्र नेली. पुतण्याचा डेटाबेस कॅसांड्रा. तो जावांतच लिहिलेला आहे.

हा झाडणारा मोठा नेकीचा. जी वस्तु कोणींहि धरून ठेवलेली नाहीं, तीच तो टाकतो. बहुतेक वस्तु क्षणभरच लागतात, म्हणून नव्या सामानाचा कोपरा तो वरचेवर झाडतो व जुन्याकडे क्वचित् वळतो. परंतु माजघर तुडुंब भरलें, कीं तो सारखा झाडूं लागतो, हातीं मूठभर केर येतो आणि घरचीं कामें खोळंबतात. जावांतील एका प्रकारच्या झाडणाऱ्याचा तर नियमच आहे, कीं ९८ टक्क्यांहून अधिक वेळ झाडण्यांत जाऊन २ टक्क्यांहूनहि कमी जागा सुटत असेल, तर हात टेकून तसें सांगावें.

पुतण्यानें प्रथम प्रोसेसर कोण खातो तें पाहिलें. तो झाडणाराच निघाला. मग झाडण्याची रोजनिशी उघडली: फेऱ्या पुष्कळ, सुटलेली जागा नांवाला. शेवटीं माजघरांतील सामानाची मोजदाद केली, तेव्हां मर्म सांपडलें. एका विद्यार्थ्याचे गुण दाखविण्यासाठीं प्रोग्रॅम सर्व वर्षांच्या उत्तरांचा अवाढव्य गठ्ठा एकदम मागवीत होता! त्यानें विद्यार्थी व परीक्षा यांप्रमाणें लहान गठ्ठे बांधले आणि एका वेळच्या मागणीस मर्यादा घातली. पुढच्या रविवारीं त्याच यंत्रावर परीक्षा सुरळीत पार पडली.

मोठें यंत्र आणलें असतें, तर कांहीं महिने बरे गेले असते. मग तेंहि भरलें असतें. नांदेडास परतल्यावर मी माळ्यावर चढलों. तीस वर्षांचीं पंचांगें तेथें होतीं, आणि तीं धरून ठेवणारा मीच होतों.