लेव्हल दीड

न्यू जर्सीत मुलाचं शाळेत नाव घालायला गेलं की जन्मदाखला, लसींचा कागद, पत्त्याचा पुरावा यांच्यासोबत आणखी एक साधासा फॉर्म भरावा लागतो. घरी कुठली भाषा बोलता? मूल बोलायला लागलं ते कुठल्या भाषेत? आपली मंडळी इथे अडखळतात. मराठी लिहिलं तर पोराला कच्च्या मुलांच्या वर्गात बसवतील अशी धास्ती असते, आणि काही जण सरळ ‘इंग्लिश’ लिहून मोकळे होतात. मग सप्टेंबर संपत आला की पहिलीच्या बाई मला व्हरांड्यात गाठतात. हा मुलगा दिवसभर अवाक्षर काढत नाही, याला ऐकू नीट येतं ना?

ऐकू उत्तम येतं. इंग्रजी येत नाही, एवढंच. आणि ते माझं काम आहे. ज्यांच्या घरात इंग्रजी नाही अशा पाच ते आठ वर्षांच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. माझ्या टेबलाभोवती एक पुण्याचा, दोघं तेलुगू, ग्वातेमालाहून आलेली एक मुलगी अशी पंगत असते. ही शाळेची मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत सुमारे १,८०० चिनी मुलांना न कळणाऱ्या भाषेत कसल्याही जास्तीच्या मदतीविना नुसतं बसवून ठेवलं होतं. त्यावरून झालेल्या ‘लाउ विरुद्ध निकल्स’ या खटल्यात १९७४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही.

मदत द्यायची तर मूल कुठे आहे ते आधी बघावं लागतं. त्यासाठी आमच्याकडे, आणि देशातल्या बहुतेक राज्यांत, विस्कॉन्सिन विद्यापीठातून चालणारी ‘विडा’ची मानकं वापरतात. सहा लेव्हल, आणि ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांचा हिशेब वेगवेगळा. या मानकांतली मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या तक्त्यात मुलाला काय येत नाही हे कुठेच लिहिलेलं नाही. पहिल्या लेव्हलचं मूल चित्राकडे बोट दाखवू शकतं, एका वाक्याची सूचना ऐकून तसं करू शकतं, अशीच सगळी वाक्यं. त्यामुळे माझ्या लेखी लेव्हल ही मुलाला चिकटवायची चिठ्ठी नाही. मुलाला विचारायचा प्रश्न बेतायचं ते माप आहे.

म्हणजे कसं, ते आवाजाच्या धड्यात बघा. वस्तू थरथरली की आवाज होतो, आणि आवाजाने वस्तू थरथरते, हे इथे पहिलीच्या विज्ञानात आहे. वाडग्यावर प्लास्टिकची फिल्म घट्ट ताणून मी वर चिमूटभर तांदूळ पसरले आणि शेजारी केकचा पत्र्याचा ट्रे धरून डावाने बडवला. तांदूळ टणाटण उडाले. चारही डोकी वाडग्यावर ओणवी झाली.

प्रयोग सगळ्यांना एकच. पुण्याच्या मुलाच्या हातात मी डाव दिला आणि म्हटलं, ‘मेक द राइस जंप.’ त्याने असा काही ट्रे बडवला की शेजारच्या वर्गाचं दार उघडलं. पुढचा प्रश्न, ‘व्हॉट इज मूव्हिंग, द राइस ऑर द बोल?’ उत्तर प्रश्नातच ठेवलेलं आहे, त्याने फक्त उचलायचं. त्याने तांदळावर बोट ठेवलं. मग पाटीवर चित्र काढलं: ट्रे, वाडगा आणि ट्रेकडून वाडग्याकडे जाणारे तीन नागमोडी बाण. तांदूळ का उडतात हे त्याला पुरतं कळलं होतं, सांगायला इंग्रजी नव्हतं. विज्ञानापुरता तो पास झाला.

ग्वातेमालाची मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलच्या मधली. ती ओरडली, ‘राइस इज जंप!’ अशा वेळी चूक काढायची नाही. ‘येस, द राइस इज जंपिंग,’ असं तिचंच वाक्य तिला सरळ करून परत द्यायचं. तेलुगू मुलांपुढे मी ‘व्हेन… बिकॉज…’ अशी गाळलेल्या जागांची पट्टी ठेवली होती. एकाने बराच विचार करून तीत भरलं, ‘व्हेन यू हिट, राइस जंप बिकॉज एअर मूव्ह.’ ‘द’ नाही, शेवटचा ‘स’ नाही. पण कारण आणि परिणाम एका वाक्यात जोडलेत, आणि त्या लेव्हलला मला हवं होतं ते हेच. ‘व्हायब्रेट’ हा शब्द मी सगळ्यांत शेवटी दिला, गळ्यावर हात ठेवून सगळ्यांना ‘म्म्म’ करायला लावल्यावर.

प्रश्न विचारल्यावर थांबणं हे यातलं सगळ्यांत अवघड. शिक्षक प्रश्न टाकून जेमतेम सेकंदभर थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं सुधारतात, हे मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं. नव्या मुलाला तर तीनही कमीच. शिवाय काही मुलं काही महिने बोलतच नाहीत, नुसती साठवत असतात. त्या पुणेकराचं पहिलं इंग्रजी माझ्यासमोर उमटलंच नाही. मधल्या सुट्टीत घसरगुंडीच्या रांगेत कुणीतरी मध्ये घुसलं, आणि हा कडाडला, ‘माय टर्न!’

‘विडा’ची वर्षाची परीक्षा मात्र दुसऱ्याच तालावर चालते. हिवाळा सरता सरता सहा वर्षांच्या पोराने हेडफोन लावून संगणकाशी बोलायचं. चारही कौशल्यांचा मिळून एक आकडा निघतो, आणि त्यात वाचन-लेखनाला ७० टक्के वजन, ऐकण्या-बोलण्याला ३०. आपल्याकडून येणारी मुलं बालवाडीपासून अक्षरं गिरवून, स्पेलिंग घोकून आलेली असतात. त्यामुळे पुणेकर वाचनात तीनच्या पुढे, बोलण्यात दीड. ग्वातेमालाच्या मुलीचं नेमकं उलट. एका वाटीतलं वरण खारट, दुसरीतलं अळणी, आणि सरासरी काढून म्हणायचं मीठ बेताचं आहे. पुढची सगळी शाळा वाचण्या-लिहिण्यावर चालते म्हणून हे वजन, ते मला कळतं. पण पहिलीच्या मुलासाठी ते उफराटं आहे असं माझं मत आहे. मी एकूण आकडा बघतच नाही, चार वेगळे आकडे बघते.

पालक नेमका एकूण आकडा बघतात. ‘मॅडम, हा नर्सरीपासून इंग्लिश मीडियमला आहे हो. एबीसीडी, शंभरपर्यंत अंक, सगळ्या राइम्स येतात याला,’ असं पुणेकराचे बाबा म्हणाले. खरंच येतात. पण राइम म्हणणं वेगळं आणि ‘माझी पेन्सिल त्याने घेतली’ हे सांगणं वेगळं. आई म्हणाल्या, ‘आम्ही ठरवलंय, आता घरीही इंग्लिशच बोलायचं.’ कृपा करून बोलू नका, हे मी दर वर्षी हात जोडून सांगते. गोष्ट सांगणं, माहिती देणं, समजावून सांगणं आणि वाद घालणं अशी चार कामं ‘विडा’ची मानकं भाषेकडून मागतात. रात्री झोपायच्या वेळेवरून हा पोरगा आईशी मराठीत जो वाद घालतो त्यात कारणं, दाखले, मागच्या शनिवारचा हवाला, सगळं असतं. ते सगळं त्याला इंग्रजीत आणता येणार आहे. तेच बंद केलं तर आणणार काय?

एकूण ४.५ झाले आणि शिक्षकांनीही होकार दिला, की मूल माझ्या टेबलावरून उठतं. पुढे दोन वर्षं त्याच्यावर लक्ष ठेवायचं असतं, आणि ते ठेवावंच लागतं. गप्पांपुरतं इंग्रजी एक-दोन वर्षांत येतं, पुस्तकातलं यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं जिम कमिन्स हे कॅनडातले अभ्यासक कधीपासून सांगत आलेत. गेल्या वर्षी असाच एक सुटलेला मराठी मुलगा तिसरीत गणितात मागे पडला. बोलतो इतकं अस्सल अमेरिकन की त्याच्या भाषेबद्दल कुणाला शंकाही येऊ नये. उदाहरण होतं: अ‍ॅनाकडे १२ गोट्या आहेत, ‘फाइव्ह मोअर दॅन बेन’, तर बेनकडे किती? ‘मोअर’ दिसल्याबरोबर त्याने बेरीज करून १७ लिहिले. मी तेच मराठीत विचारलं, अ‍ॅनाकडे बेनपेक्षा पाच जास्त आहेत, तर बेनकडे किती? ‘सात,’ तो म्हणाला, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत. घरच्यांनी मात्र तोवर त्याला गणिताची शिकवणी लावून टाकली होती.