पदकाआधी पाय

नागपूरच्या इतवारी बाजारपेठेत घोडा म्हटला की वरातीची घोडी नाहीतर जुना टांगा आठवतो. घोडेस्वारीतल्या इव्हेंटिंग या खेळात याच जनावराचा तीन अंगांनी कस लागतो: आधी ड्रेसाजची, म्हणजे आखीव चालींची, शिस्त, मग क्रॉस-कंट्रीत ओंडके, पाणी, चढउतार भरधाव पार करणं आणि शेवटी शो जंपिंग. तिन्हींना घोडा एकच. म्हणून त्याची कारकीर्द पदकांवरून जोखू नये. त्याचे पाय किती वर्षं धड राखले, ते आधी पाहावं.

भारतीय घोडेस्वार फवाद मिर्झाचा घोडा सेन्योर मेडिकॉट जकार्ताच्या २०१८ च्या आशियाई स्पर्धेत बारा वर्षांचा होता. तिथलं रौप्य हे १९८२ नंतर घोडेस्वारीतलं भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पुढे दुखापतीने तो बाहेर बसला. टोकियो ऑलिंपिकमधली जागा फवादने २०१९ मध्ये दुसऱ्या घोड्यांवर मिळवली. पायाच्या दुखापतीत घाई चालत नाही: घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळपास नसतातच, ताण कंडरांवर येतो. त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तिथली इजा भरायला महिनोन्‌महिने जातात आणि घाई केली की तीच जागा पुन्हा दुखावते. सेन्योर २०२१ मध्ये टोकियोत उतरला तो पंधराव्या वर्षी, आणि फवादला वैयक्तिक अंतिम फेरीत घेऊन गेला. तिथल्या तेविसाव्या क्रमांकाचं कौतुक कसलं, असं कुणी म्हणेल. दुखापतीतून उठून या वयात शेवटच्या उडीपर्यंत टिकणं मला रौप्याइतकंच मोलाचं वाटतं.

हा खेळ म्हणजे मुक्या जनावराचा छळ आहे, हा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. त्याच टोकियोत क्रॉस-कंट्रीत स्वित्झर्लंडचा घोडा जेट सेट जायबंदी झाला आणि त्याला दयामरण द्यावं लागलं. धोका खरा आहे. म्हणूनच शो जंपिंगआधीची तपासणी मला या खेळातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटते. घोड्याला लगाम धरून कठीण जमिनीवर दुडक्या चालीने पळवतात. टापांचा ताल चुकतो का, दुखरा पुढचा पाय टेकताना मान वर जाते का, हे पंच आणि पशुवैद्य पाहतात. लंगडला तर बाद, मग तो पहिल्या क्रमांकावर का असेना.

राखलेले पाय पुढे कामी येतात. भारताच्या आशिष लिमयेने २०२५ मध्ये पटायात आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं ते विली बी डन या घोड्यावर. हाच घोडा २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतही त्याच्यासोबत होता. तिथे पदक नव्हतं.