पाळी आली नाही, म्हणून निर्धास्त राहावे का?

प्रसूतीनंतर सव्वा महिना पतिपत्नींनी दूर राहण्याची प्रथा अनेक कुटुंबांत पाळली जाते. शरीर सावरण्यासाठी ती उपयुक्तही आहे. त्यापुढे काय, हे मात्र पहिलटकरणीला सहसा कोणी सांगत नाही. बाळ अंगावर पीत असताना दिवस राहत नाहीत, एवढेच तिच्या कानावर पडते.

हा समज अर्धाच खरा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतील असेल, त्याला रात्रंदिवस केवळ आईचेच दूध मिळत असेल आणि पाळी सुरू झालेली नसेल, तर गर्भधारणा टळण्याची शक्यता ९८ टक्क्यांहून अधिक असते. यातील एक अट जरी मोडली, तरी हा भरवसा उरत नाही. वरचे दूध सुरू झाले, तरीही. शिवाय स्त्रीबीज पाळीपूर्वीच बाहेर पडत असल्याने पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात.

पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यासाठी तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेल्या औषधाची, संप्रेरके नसलेली ‘छाया’ ही गोळी स्तनदा मातांनाही चालते.