जुन्या बुलेट, येझदीचा सायलेन्सर कंपनीचा की बाहेरचा? घेण्याआधी असा ओळखा

देवळाली कॅम्प : तोफखान्याच्या सरावाचा आवाज इथल्या कानांना नवा नाही. पण लॅम रोडवरून फाडफाड करत जाणारी बुलेट गेली की माणूस वळून बघतोच. भगूर, लहवित, शिंगवे बहुला भागात जुन्या गाड्यांची हौस मोठी आहे. आजोबांची राजदूत, काकांची येझदी, कुणाच्या गोठ्यात धूळ खात पडलेली आरएक्स १००. या गाड्यांना आता चांगला भाव येतो आणि सौदा करताना ‘सगळं ओरिजनल आहे’ असं हमखास सांगितलं जातं. सायलेन्सर मात्र बऱ्याचदा बदललेला असतो. तो ओळखता आला नाही तर सौद्यात पैसे जातात आणि पुढे पोलिसांचं चलनही लागू शकतं.

आधी गाडी कोणती ते बघा

येझदी आणि जावाला सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना एकेक. एकाच बाजूचा नवा दिसत असेल तर विचारा. या गाड्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनायच्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यामुळे ‘कंपनीचा नवाकोरा पीस’ असं कुणी म्हणालं तर तो जुन्या साठ्यातला असेल, नाहीतर नंतर कुणीतरी बनवलेला. दुसरीच शक्यता जास्त.

राजदूत ३५० म्हणजे यामाहा आरडी. तिच्यात कंपनीचेच दोन प्रकार होते. आधीची हाय टॉर्क साधारण ३०.५ हॉर्सपॉवरची, नंतरची लो टॉर्क २७ च्या आसपास. अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून लो टॉर्कमध्ये धूर बाहेर पडायची वाट आवळली होती. म्हणून नुसतं ‘ओरिजनल आहे का’ विचारून भागत नाही, ‘या मॉडेलचा आहे का’ हेही विचारायचं.

बुलेटचा सायलेन्सर उजव्या बाजूला, खालून मागे जातो. काही जुन्या बुलेटला तो वर चढवलेला दिसतो. डोंगर-चिखलातल्या ट्रायल शर्यतींच्या गाड्यांची ही पद्धत. पाइप वर असला की ओढ्याचं पाणी आत शिरत नाही आणि दगडाला घासत नाही. इंग्लंडच्या जॉनी ब्रिटन यांनी अशाच रॉयल एनफिल्डवर १९५२ आणि १९५७ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली होती. भारतात कंपनीने २०१९ मध्ये बुलेट ट्रायल्स काढली, तिला असा पाइप होता. त्यामुळे ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बुलेटला वर चढवलेला पाइप दिसला, तर तो नंतर बसवलेला आहे असंच धरून चाला.

हात लावून करायच्या पाच तपासण्या

गाडी थंड असताना बघा, गरम पाइपला हात लावू नका.

१. ठसा : नळीवर, पट्टीजवळ किंवा खालच्या बाजूला कंपनीचं नाव किंवा नंबर ठोकलेला आहे का ते बॅटरी लावून बघा. स्टिकर किंवा रिबिट मारलेली पाटी हा पुरावा नाही, ती कुणीही लावू शकतं.

२. वेल्डिंग : कारखान्यातली शिवण सरळ आणि सारखी असते. जाडजूड, वर-खाली झालेलं वेल्डिंग किंवा ग्राइंडरच्या खुणा दिसल्या तर काम गॅरेजमधलं आहे.

३. पट्टी आणि भोक : कंपनीचा सायलेन्सर चेसिसच्या भोकात ओढाताण न करता बसतो. जादा वॉशर, वाकवलेली पट्टी, लांबट केलेलं भोक म्हणजे दुसऱ्या गाडीचा किंवा बाहेरचा माल.

४. आतला भाग : बुलेटचा सायलेन्सर काढून उजेडाकडे धरा. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये आवाज अडवणारे पडदे असतात, म्हणून सरळ आरपार दिसत नाही. आरपार दिसलं तर आत फक्त भोकांची नळी आणि तिच्याभोवती काचेचा कापूस असणार. तो कापूस जळून गेला की आवाज आणखी वाढतो. आरएक्स १०० आणि येझदीच्या शेपटाकडून आतली जाळी बाहेर काढता येते. ती काढून टाकलेली आहे का, ते आवर्जून बघा.

५. चुंबक : जुने कंपनीचे पाइप लोखंडाचे आणि वर क्रोम चढवलेले. त्यांना चुंबक चिकटतं. अजिबात चिकटलं नाही तर तो स्टेनलेसचा, म्हणजे नंतरचा. पण चिकटलं म्हणून ओरिजनल ठरत नाही, बाहेरचे बरेच पाइपही लोखंडाचेच असतात.

बाजारात ‘पंजाबी’, ‘इंदोरी’, ‘लाँग बॉटल’, ‘शॉर्ट बॉटल’, ‘मेगाफोन’, ‘डॉल्फिन’ अशी नावं ऐकू येतील. ही सगळी बाहेरच्या सायलेन्सरची नावं आहेत.

टू-स्ट्रोकला पाइप म्हणजे इंजिनाचाच भाग

टू-स्ट्रोक इंजिनात जळका धूर बाहेर जातो तेव्हाच पेट्रोलचं ताजं मिश्रण आत येत असतं. त्यातलं थोडं धुराबरोबर पाइपात निसटतं. पाइपाचा फुगीर आणि पुन्हा निमुळता आकार धुराच्या दाबाची लाट परत फिरवतो आणि निसटलेलं मिश्रण मागे ढकलतो. आकार चुकला की हे गणित बिघडतं. गाडी आवाज जास्त करते, पण खालच्या स्पीडला ओढत नाही आणि पेट्रोल जास्त पिते. प्लग पांढरा पडत असेल तर मिश्रण पातळ झालंय. तसंच चालवत राहिलं तर पिस्टन जाम होऊ शकतो.

कायदा काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२० नुसार प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. आवाज-प्रदूषणाचे निकष मोडले तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र, अशी तरतूद आहे. राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवला आहे. एक लक्षात ठेवा, बाहेरचा प्रत्येक सायलेन्सर बेकायदा नसतो. आतले पडदे शाबूत असलेला, कंपनीसारखाच आवाज देणारा पाइप वेगळा आणि मुद्दाम फोडलेला पाइप वेगळा.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणखी एक मुद्दा. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, मोठे बदल चालत नाहीत. ही नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच.

मग करायचं काय?

घेताना सायलेन्सर बाहेरचा निघाला म्हणून गाडी सोडायची गरज नाही. तेवढे पैसे सौद्यातून कमी करा आणि विकणाऱ्याला विचारा, ‘जुना सायलेन्सर कुठंय?’ बऱ्याचदा तो माळ्यावर किंवा गोठ्यात पडलेला सापडतो. विकणाऱ्यांनीही गंजका सायलेन्सर भंगारवाल्याला किलोवर देऊ नये. आतला कार्बन साफ करून, गंज काढून, पुन्हा क्रोम केलं तर तो वापरात येतो. ज्या गाडीचे कारखानेच बंद झालेत, तिचा मूळ पाइप परत मिळत नाही.