वर्गणीतून फोन, पण वीज कोणाची?

अमेरिकेत आजीआजोबांना सगळ्या भावंडांनी मिळून द्यावी अशी एक उपयोगी भेट म्हणजे इंटरनेटवर चालणारा घरगुती फोन. नेहमीचा फोन एका लहान पेटीला जोडायचा, पेटी राउटरला. प्रचलित पद्धतीत ही पेटी आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते. दर नमुन्याला ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट! बहुधा २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे करून ती ते धाडते.

पण वीज गेली तर? जुन्या फोनला एक्स्चेंजमधील ४८ व्होल्टची बॅटरी तांब्याच्या तारेतूनच वीज पुरवी. घरात अंधार असला तरी तो वाजे. येथे मात्र पेटी आणि राउटर दोन्ही बंद पडतात आणि त्यावरून आणीबाणीचा ९११ क्रमांकही लागत नाही. तेव्हा दोन्ही चालवील अशी बॅटरी वर्गणीतच धरावी. घराचा पत्ताही कंपनीकडे नोंदवावा लागतो, कारण इंटरनेट असेल त्या कोणत्याही गावी पेटी तशीच चालते.