गृहजलवाहिनीसाठी नळीची निवड : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

घरातील जलवाहिनी एकदा भिंतीत गाडली गेली म्हणजे भिंत फोडल्यावाचून ती बदलता येत नाही. म्हणून तिच्या द्रव्याची निवड प्रथमच विचारपूर्वक व्हावयास हवी. ही निवड बहुधा किंमत आणि दाब सोसण्याची शक्ती या दोनच गोष्टी पाहून केली जाते. वस्तुतः दाबाचा प्रश्न येथे गौण आहे. १० मीटर उंचीच्या जलस्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. दुमजली घराच्या गच्चीवरील टाकीमुळे तळमजल्याच्या तोटीवर येणारा दाब साधारणतः याहून अधिक नसतो, आणि तेवढा दाब कोणतीही प्रमाणित नळी सहज सोसते. निर्णायक ठरतात ते पाण्यातील क्षार व पाण्याचे तापमान.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात या दोन्ही बाबींना विशेष महत्त्व आहे. येथील बराचसा भूभाग कृष्णप्रस्तराचा असून तापीच्या काठी गाळाची जमीन आहे. अशा भूस्तरांतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. त्यामुळे विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी अनेकदा जड, म्हणजेच दुष्फेन असते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची जडता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट होय. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. शिवाय उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते.

जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळीत जस्त स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते. जड पाण्यातील क्षारांचे पातळ पुट प्रारंभी या रक्षणास साहाय्यभूतही होते. तथापि पाणी तापले की बायकार्बोनेटांचे विघटन होऊन चुन्याचा थर झपाट्याने साचतो. १५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत सर्व बाजूंनी अवघा दीड मिलिमीटर थर बसला, तर त्याच दाबाखाली प्रवाह जवळजवळ निम्म्यावर येतो. त्याखेरीज सुमारे ६० अंशांच्या वर काही प्रकारच्या पाण्यात जस्त व लोखंड यांचा विद्युत्‌संबंध उलटतो. मग जस्ताऐवजी लोखंडच झिजू लागते. अशी नळी गरम पाण्यासाठी म्हणूनच अयोग्य ठरते.

पीव्हीसी नळीला गंज चढत नाही व तिच्या गुळगुळीत पृष्ठावर थर सहसा घट्ट धरत नाही. तिची उणीव उष्णतेची आहे. तिची दाबक्षमता २७ अंशांस निश्चित केलेली असते; तापमान वाढेल तशी ती घटते, आणि ४५ अंशांपलीकडे ही नळी वापरू नये. ३० अंशांच्या तापमानवाढीने १० मीटर पीव्हीसी नळी सुमारे २१ मिलिमीटर लांबते, तर तेवढीच लोखंडी नळी जेमतेम साडेतीन मिलिमीटर. गच्चीवर ही नळी जागोजाग करकचून बांधल्यास सांध्यांवर ताण येतो, आणि उघड्या उन्हात ती कालांतराने ठिसूळ होते. पूर्वी या नळ्यांत शिशाची संयुगे स्थिरकारक म्हणून मिसळली जात. त्यांच्या वापरावर निर्बंध घालणारे केंद्र शासनाचे नियम २०२१ साली झाले. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी अल्प आहे. म्हणून शिसेविरहित, प्रमाणचिन्हांकित नळीच घ्यावी.

सीपीव्हीसी हे पीव्हीसीत अधिक क्लोरीन घालून केलेले द्रव्य सुमारे ८० अंशांपर्यंत टिकते. मात्र सौर तापकातील पाणी कडक उन्हात याहूनही तापू शकते. तेथे तापकालगतचा भाग तांब्याचा ठेवणे हितावह असते. मात्र तांब्याच्या नळीनंतर जस्तलेपित नळी जोडू नये. पाण्यात उतरलेले तांब्याचे सूक्ष्म अंश जस्तावर बसून त्यास छिद्रे पाडतात.

सारांश, संपूर्ण घरास एकच नळी हा आग्रह शास्त्रास धरून नाही. भिंतीतील थंड पाण्यास पीव्हीसी, गरम पाण्यास सीपीव्हीसी, तापकालगत तांबे, आणि गच्चीवरील नळीस उन्हापासून आच्छादन व प्रसरणास मोकळीक, अशी विभागणी या जिल्ह्यास अनुरूप ठरते. तत्पूर्वी पाण्याची जडता तपासून घेतल्यास निवड अनुमानावर न राहता मोजमापावर आधारता येते.