टीव्ही यादीत उशिरा का दिसतो?
इंदूरला रामबागेतल्या घरात मोबाइलवरचा सिनेमा टीव्हीवर लावायचा असतो, पण यादीत टीव्हीचं नावच येत नाही. मग नेटच्या वेगाला बोल लागतो, महागडा प्लॅन घेतला जातो. मोबाइलला टीव्ही शोधायला खरं तर इंटरनेट लागतच नाही. मोबाइल घरातल्या घरात मल्टिकास्ट (एकदम अनेकांना जाणारा संदेश) सोडतो. लग्नाच्या मांडवात ‘वरपक्षाकडचे कोण?’ अशी हाक द्यावी, तसंच हे. ज्याला ऐकू गेलं, तो ओ देतो. वाय-फायवर या हाकेची पोच मिळत नाही, म्हणून ती हरवली तरी कळत नाही. मोबाइल पुन्हा हाक देईपर्यंत थांबावं लागतं. टीव्ही गेस्ट वाय-फायवर (पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क) असेल, तर हाक बहुधा पोचतच नाही. आधी तेवढं बघावं. जाड भिंतींच्या घरात राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ केबल टाकावी. दिसायला बरी नसते, पण निम्मी कटकट मिटते.